मृत्युपत्राचा वकील: आमचा अंबाजोगाईचा अनुभव
वडिलांच्या मृत्युपत्रासाठी वकील कसा शोधायचा, पैसे किती द्यायचे, असं ताईंनी विचारलंय. आम्ही मागच्या वर्षी यातून गेलो. पहिल्या वकिलांनी जमिनीच्या किमतीवर टक्के मागितले; अण्णा, म्हणजे आमचे वडील, चहा न पिताच उठले. मग दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाला विचारलं, दिवाणीची कामं नीट कोण करतं? त्यानं एका वकीलबाईंचं नाव दिलं. त्यांनी फीच्या आधी सातबारा, फेरफार आणि आजोबांच्या काळची उर्दूतली नक्कल मागितली. निजामाच्या राज्यातली जमीन, तेव्हा जुनं दप्तर कळणारा माणूस बघाच. वडिलोपार्जित जमिनीत अण्णांचा हिस्सा असेल तेवढाच लिहिता येतो, हेही त्यांनीच सांगितलं. फी ठोक चार हजार, निम्मी आधी, पावतीसह.

बाँड पेपरच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार मात्र लागतातच, आणि ज्याला जमीन मिळणार त्याला साक्षीला बसवू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण घरात भाऊबंदकी असेल तर करून टाका. आम्ही केली. अण्णांचा झिजलेला अंगठा मशीन तीनदा घेईना, तेवढाच काय तो खोळंबा.