घरात पाच जण, पाच आवडी. कथा-कादंबऱ्या सुचवा प्लीज

मुक्ता_वाचते

नमस्कार मंडळी, पुस्तकं सुचवा हा प्रश्न जुनाच आहे पण 'मराठीतली सर्वोत्तम शंभर' छाप यादी नकोय, तसल्या भरपूर बघितल्यात आणि सगळीकडे तीच ती नावं असतात. माझी अडचण अशी की घरात पाच जण आहेत आणि एकाचं पुस्तक दुसऱ्याला अजिबात चालत नाही. मुलगा तिसरीत, मराठी वाचता येतं पण जोडाक्षर आलं की अडखळतो आणि चित्रं नसतील तर उघडतच नाही. मुलगी चौदाची, इंग्लिशमधल्या जादूच्या जाडजूड कादंबऱ्या वीकेंडला फडशा पाडते पण मराठी म्हटलं की 'ई, सगळं गावाकडचं आणि रडकं असतं'. सासरे पंचाहत्तरीचे, तरुणपणी रहस्यकथांचा नाद होता, आता बारीक टाइप दिसत नाही आणि ऐतिहासिक काही दिलं की 'हे झालंय वाचून' म्हणून बाजूला ठेवतात. नणंदेला प्रेमकथा हवी पण शेवटी कुणी मरायला नको ही तिची अट. आणि मी, कॉलेजात 'कोसला' वाचून महिनाभर त्यातल्या नायकासारखी, सांगवीकरसारखी बोलत होते, त्यानंतर नोकरी, मुलं, फोन, आता तीस-चाळीस पानांच्या पुढे जातच नाही.

अनुवाद चालतील. फक्त 'मृत्युंजय' सांगू नका, आमच्याकडे तीन प्रती आहेत आणि तिन्ही भेट आलेल्या :)

निशाचर

मुलीपासून सुरुवात करतो कारण तो विषय माझा लाडका. तिला मराठीत ड्रॅगन शोधत बसू नका, मिळेल ते इंग्लिशपुढे फिकं वाटेल आणि तिचं मत आणखी पक्कं होईल. सरळ भुताखेतांकडे वळवा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, 'खेकडा' नावाचा संग्रह आहे त्यापासून. एक कथा एका बैठकीत संपते आणि त्यात गाव-बिव काही नसतं, साधी फ्लॅटमधली, ऑफिसातली माणसं असतात आणि हळूहळू काहीतरी बिनसत जातं. एक वाचून झाली की दुसरी न वाचता झोपणं अवघड.

मग नारायण धारप. 'समर्थ' नावाच्या त्यांच्या नायकाच्या कथा आहेत (रामदास स्वामी नव्हेत), सज्जन शक्ती विरुद्ध दुष्ट शक्ती असा सरळ मामला, जादूवाल्या कादंबऱ्या वाचणाऱ्या पोरांना ते लगेच ओळखीचं वाटतं. 'लुचाई' पण आहे, ती स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली. तिला आधी मराठी वाचायला द्या आणि नंतर इंग्लिश, म्हणजे दोन्हीची तुलना करत बसेल, त्या वयात तुलना आणि तक्रार हेच आवडतं.

आणि जयंत नारळीकर. 'वामन परत न आला' द्या. खोदकामात एक पेटी सापडते, कुठल्यातरी फार जुन्या संस्कृतीची, आणि त्यातल्या माहितीवरून यंत्रमानव बनवता येतो, मग तो बनवावा का, इथून पुढे जी काही धमाल आहे ती आत्ताच्या एआयच्या बातम्यांपेक्षा सरस आहे आणि पुस्तक ऐंशीच्या दशकातलं आहे! अवांतर: नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून नंबर नको म्हणून. हे मुलीला सांगा, पोरांना असलं आवडतं.

चिमणचारा

मुलाबद्दल लिहिते. तिसरीतल्या मुलाला आधी माधुरी पुरंदरे. 'राधाचं घर', 'यश', 'लालूबोक्याच्या गोष्टी'. चित्रं त्यांचीच, आणि त्या चित्रांत मजकुरात नसलेल्या कितीतरी गोष्टी चाललेल्या असतात, मुलं पान उलटूच देत नाहीत. वाक्यं घरात बोलतो तशी असल्यामुळे अडखळणं कमी होतं. जोडाक्षरं म्हणून अवघड नसतात हो, 'प्रसन्न', 'उद्विग्न' असले शब्द मुलाने कधी ऐकलेलेच नसतात म्हणून अवघड जातात. ऐकलेला शब्द असेल तर मूल अंदाजाने बरोबर वाचतं.

आणि तुम्ही मोठ्याने वाचून दाखवताय ना? ते बंद करू नका, 'आता स्वतः वाच' म्हणून एकदम पुस्तक हातात देऊ नका. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' मोठ्याने वाचायला फार छान, संवाद भरपूर, वाचणाऱ्यालाही आवाज काढायची हौस भागवता येते. वर्षा-दोन वर्षांनी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. वीस पुस्तकं आहेत, कुठूनही सुरू करता येतं. बन्याचं, म्हणजे फास्टर फेणेचं, ते 'ट्टॉक्' एकदा डोक्यात बसलं की घरभर ट्टॉक् ट्टॉक् ऐकायची तयारी ठेवा. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत तेही बघा, १९७१ पासून निघतंय ते, जुन्या अंकातली चित्रं सुद्धा बघण्यासारखी.

एक विनंती, 'श्यामची आई'ने सुरुवात नको. चांगलं पुस्तक आहे, पण आजच्या आठ वर्षांच्या मुलाला ते आईने मुद्दाम दिलेलं औषध वाटतं.

जुनं_खोड

चिमणचारा, 'श्यामची आई'बद्दल असहमत. ते स्वतः वाचायला दिलं तर औषध होतं हे कबूल. पण त्याची बांधणीच बघा, श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतो, प्रकरणांची नावंसुद्धा रात्र पहिली, रात्र दुसरी अशी. म्हणजे ते ऐकण्यासाठीच आहे. दिवे मालवायच्या आधी एक रात्र वाचा, रडू आलं तर येऊ द्या, उपदेशाचा भाग वाटेल तिथे दोन वाक्यं गाळा, साने गुरुजी रागावणार नाहीत.

आता सासरेबुवा. माझ्याच वयाचे दिसतात. त्यांना विचारा, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार आवडायचा की काळा पहाड. हा प्रश्न विचारल्यावर माणूस अर्धा तास बोलतो आणि त्याला काय द्यायचं ते आपोआप कळतं. पण जुने अर्नाळकर परत आणून देऊ नका, आठवणीत जेवढे रंगतदार आहेत तेवढे आता वाचताना राहत नाहीत, निदान माझे तरी राहिले नाहीत. वेगवान हवं असेल तर सुहास शिरवळकरांची रहस्यकथा, त्यांच्या अमर विश्वास या नायकाची. आणि हसायला चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ. मालिका बघितलेली असणार म्हणजे डोळ्यांपुढे प्रभावळकर आणि बाळ कर्वेच येणार, ते काही वाईट नाही.

दृष्टीचा प्रश्न असेल तर सरळ ऑडिओबुक. आमच्या पिढीला आधी कमीपणा वाटतो, हे काय वाचन आहे का म्हणून, पण आम्ही रेडिओवरच्या श्रुतिका कान देऊन ऐकलेली माणसं आहोत. त्यांना 'ऑडिओबुक' न म्हणता 'श्रुतिका लावतो' म्हणून लावा. किंवा टॅबवर ई-बुक, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

अनवट

चर्चा छान चाललीये पण एक धोक्याची सूचना, कारण आता कोणीतरी येऊन तिसरीतल्या मुलाला 'वनवास' सांगणारच आहे. पुस्तकातला नायक लहान आहे म्हणून पुस्तक लहान मुलांचं होत नाही. ही गल्लत मराठीत फारच होते. प्रकाश नारायण संतांचा लंपन बघा, 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', चारही पुस्तकं म्हणजे मराठीतलं सोनं आहे. पण त्यातली गंमत ही की लंपनला जे कळत नाही ते आपल्याला कळतं. तो सुमीबद्दल, आजोबांबद्दल काहीतरी बोलून जातो आणि आपण थांबतो. लंपनच्याच वयाच्या मुलाला ते थांबणं कुठून येणार, त्याला वाटतं यात काही घडतच नाही. जी. ए. कुलकर्णींची 'बखर बिम्मची' तशीच. बिम्म एवढासा आहे पण वाचणारा जरा जगलेला हवा.

उलटंही होतं. 'शाळा', मिलिंद बोकीलांची, नववीतल्या मुलांची गोष्ट, आणीबाणीच्या काळातली. ती लोक मोठ्यांचं पुस्तक म्हणून चाळिशीनंतर 'आमच्या वेळी' म्हणत वाचतात, पण चौदा-पंधराच्या मुलीला ती आत्ता द्यायला हवी. वर्गातली टवाळी, चिठ्ठ्या, सर लोकांची टोपणनावं, एखादी व्यक्ती नुसती समोरच्या रस्त्यावरून गेली तरी दिवस बदलणं, हे तिचं चालू वर्तमान आहे. आणि गावाकडचं रडकं नाहीये.

मुक्ता, तुमच्यासाठी: कोसला परत वाचू नका. निदान आत्ता तरी नको. त्या वयात जे झालं ते परत होत नाही आणि मग उगाच वाटतं की आपल्यातला वाचक मेला. बारीक पुस्तकं घ्या. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९चं, युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, त्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि चक्रधर नि हॅर्टा. सगळी कादंबरी एका बोटीत आणि थोड्या दिवसांत उरकते, पानं थोडी, सोडवत नाही. नाहीतर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीत शाळा चालवायला जातो, एवढंच. वाक्यं इतकी छोटी आणि कोरडी आहेत की दमलेल्या डोक्यालाही जड होत नाहीत.

(रणांगण नणंदेच्या हाती लागू देऊ नका. शेवट सांगत नाही, पण त्यांच्या अटीत बसत नाही.)

प्राजू

अनवट, लंपनबद्दल अर्धीच सहमत. माझ्या भाचीने बाराव्या वर्षी वाचला आणि सुट्टीभर लंपनसारखी सगळ्यांना 'मॅड' म्हणत हिंडत होती. तिला सगळं कळलं नसेल पण भाषा चढली ना. आपण तरी काय सगळं कळून वाचलं?

नणंदेसाठी शं. ना. नवरे, त्यांच्या कथा. मध्यमवर्गी घरं, नवरा-बायको, राहून गेलेलं प्रेम, गैरसमज, सगळं हलक्या हाताने. मालिका बघणाऱ्या व्यक्तीला शन्नांकडून वाचनात आणणं सगळ्यात सोपं. तिथे मुरल्या की गौरी देशपांडे, 'एकेक पान गळावया'. तीन दीर्घकथा आहेत, बायका फटकळ, हुशार, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. पण हे पहिलंच पुस्तक म्हणून नको, त्यात प्रेम आहे पण प्रेमकथा मागणाऱ्याला हवं असतं ते नाही.

मुक्ता_वाचते

किती लिहिलंत सगळ्यांनी! मुलीला वामनची आयडिया सांगितली, 'हं' म्हणाली. तिच्याकडून हे बरंच आहे. सासऱ्यांना झुंजार की काळा पहाड विचारलं तर खरंच अर्धा तास गेला, आणि उत्तर आलं 'धनंजय', अर्नाळकरांचाच आणखी एक नायक. नणंद म्हणतेय शन्ना चालतील.

एक शंका, सासरे म्हणताहेत त्यांनी 'तुंबाड' सिनेमा पाहिलाय तर ते 'तुंबाडचे खोत' आणू का? भुताचं आवडेल त्यांना.

निशाचर

थांबा थांबा! नाव फक्त तिथलं आहे. सिनेमाचं मूळ धारपांच्या 'आजी' या कथेत आहे. 'तुंबाडचे खोत' ही श्री. ना. पेंडशांची, कोकणातल्या खोत घराण्याच्या पिढ्यांची गोष्ट, त्यात सिनेमातला हस्तर-बिस्तर राक्षस कोणी नाही. सिनेमा बघून पुस्तक आणलेले आणि शंभर पानांनंतर 'भूत कधी येणार' विचारणारे लोक मला माहितीयेत.

जुनं_खोड

पण मुक्ता, आणाच. भूत नसलं तरी काय झालं, पंचाहत्तरीच्या माणसाला चार पिढ्यांची भांडणं भुतापेक्षा जास्त रंगवतात. फक्त छापील आणू नका, दोन जाडे खंड आहेत, उताणं पडून वाचायची सवय असेल तर हात भरून येतात आणि डोळा लागला तर खंड थेट नाकावर. ई-बुक नाहीतर ऑडिओ मिळतंय का बघा, आणि तोवर त्यांना धारपांचा एखादा संग्रह द्या. मुलीच्या आधी त्यांच्याकडे जाऊ द्या, मग ती आपणहून मागेल.