वर्गणी भरून मिळते काय? चेंबरवरच्या आक्षेपांना उत्तर

सातपूरकर कारखानदार :

परवा येथे एका तरुण उद्योजकाने लिहिले की, चेंबर, म्हणजे आपली व्यापारी-उद्योजकांची संघटना, ही केवळ शाल, श्रीफळ आणि मंत्र्यांसोबतचे छायाचित्र. चांगला सीए आणि व्हॉट्सॲपचा एखादा गट हाताशी असला की वर्गणी भरण्याचे कारणच उरत नाही. त्या लिखाणापेक्षा त्याखाली माना डोलावणाऱ्यांची संख्या पाहून मला वाईट वाटले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबरची स्थापना केली, ती सत्कार समारंभांसाठी नव्हे. आपल्या नाशिकमध्ये १९७१ मध्ये निमा ही कारखानदारांची संघटना उभी राहिली, पुढे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आयमा झाली. एकट्या कारखानदाराचे कोणी ऐकत नाही, हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसांनीच या संस्था उभ्या केल्या. जकात जाऊन २०१३ मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तेव्हा बंद, निवेदने आणि बैठका यांचा रेटा राज्यभर दोन वर्षे टिकला, म्हणूनच १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांची त्यातून सुटका झाली. हे काम कोणता सीए करणार होता?

विजेचेच घ्या. दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्याच पाहिजेत, असे २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ मध्ये आहे. परंतु महावितरणची जाडजूड याचिका वाचून, तिच्यातले आकडे पडताळून, नियामक आयोगापुढे मुदतीत हरकत मांडणे दहा कामगारांच्या वर्कशॉपला जमण्यासारखे आहे का? २०२० मध्ये उच्चदाब ग्राहकांची बिले केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष कामी न येणारी वीजही मोजून येऊ लागली आणि पॉवर फॅक्टरची (विजेचा किती भाग कामी येतो त्या प्रमाणाची) जुनी सवलत गेली. माझे बिल का फुगले हे मला कित्येक महिने उमगले नव्हते. अखेर चेंबरने बोलावलेल्या एका अभियंत्याने हे प्रमाण सुधारणाऱ्या माझ्या कॅपॅसिटर पॅनलचे दार उघडून, टॉर्चच्या उजेडात, आतले दोन डबे तळाशी कसे फुगले आहेत ते बोट ठेवून दाखवले. ते बदलले आणि पुढच्याच बिलात फरक दिसला. त्या एका भेटीत माझी कित्येक वर्षांची वर्गणी वसूल झाली.

मेनरोड :

आदरणीय कारखानदारसाहेब, एलबीटीचे नाव काढलेत ते बरे झाले. आमचे मेन रोडला तिसऱ्या पिढीचे कापड दुकान आहे. त्या आंदोलनात शटर ओढून बसलो ते आम्ही, रोजचा गल्ला बुडाला तो आमचा. सातपूर-अंबडच्या यंत्रांचा आवाज एक दिवस तरी थांबल्याचे मला आठवत नाही. मात्र विजयाच्या भाषणात 'उद्योजकांच्या एकजुटीचा' उल्लेख आधी आला आणि व्यापारी शेवटच्या वाक्यात आले.

ऑगस्ट २०१६ च्या पुरात गोदावरीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा माझ्या तळघरातले गठ्ठे तीन दिवस चिखलात होते. साडीचे ठाण उलगडले की प्रत्येक घडीवर गाळाची एक रेघ उमटलेली दिसे. विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवायचा की नाही, एवढे एक वाक्य सांगणारे कोणी हवे होते. मी ज्या संघटनेचा सभासद आहे, तिच्याकडून कोणीही फिरकले नाही. सभा भरते तीही शनिवारी सायंकाळी पाचला आणि तीही औद्योगिक वसाहतीत. त्या वेळी आमच्या काउंटरला गिऱ्हाईक उभे असते, हे पदाधिकाऱ्यांना माहीत नसेल असे मला वाटत नाही.

लेथ ते व्हीएमसी :

दोघांच्याही बोलण्यात मुख्य दुखणे आलेले नाही, ते म्हणजे येणी. अंबडला माझ्या दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रे) आहेत आणि काम सगळे जॉबवर्कचे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना करून देण्याचे. एका मोठ्या कंपनीकडे माझे चार लाख ऐंशी हजारांचे बिल अकरा महिने अडकले होते. आधी 'पुढच्या पेमेंट सायकलला बघू', मग 'साहेब रजेवर आहेत', आणि माल लाइनवर लागून दोन महिने उलटल्यावर अचानक रिजेक्शनची डेबिट नोट, म्हणजे माल नाकारून बिलातून रक्कम वजा केल्याचा कागद. यंत्राचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला बँक कापून घेते, तिला कोणाची रजा चालत नाही. पत्नीचे दागिने गहाण ठेवून मी त्या दिवाळीत कामगारांचा बोनस दिला.

संघटनेकडे गेलो, तर उत्तर मिळाले की प्रकरण घरातले आहे, सामोपचाराने मिटवू. घरातले कसे, ते पुढच्या कार्यक्रमात कळले. त्याच कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी कार्यकारिणीचे सदस्य म्हणून व्यासपीठावर बसले होते. देणेकरी आणि घेणेकरी एकाच पंगतीत बसवल्यावर संघटना वाढणार कोणाच्या पानात?

सातपूरकर कारखानदार :

आपल्या अडचणीबद्दल मला सहानुभूती आहे, परंतु आरोप करण्यापूर्वी स्वतःचीही चूक पाहा. आपण लेखी तक्रार दिली होती का? तोंडी सांगून कोणतीही संस्था पत्र काढू शकत नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने ४५ दिवसांच्या पलीकडे उधारी चालत नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. दाद मागण्यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, आणि कलम २१ नुसार त्या कौन्सिलवर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या संघटनांच्या प्रतिनिधीला जागा आहे. म्हणजे संघटनेला हे स्थान कायद्यानेच दिलेले आहे. ज्यांना वर्गणी व्यर्थ वाटते, त्यांनी संघटनाच नसेल तर त्या खुर्चीवर आपल्या बाजूने कोण बसणार, याचे उत्तर द्यावे.

मेनरोड :

हे ४५ दिवस कोणाचे, तेही सांगा! २ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणी) दिली ती केवळ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. आमची उधारी बुडाली तर तुमचे कौन्सिल आमच्यासाठी नाही. उलट १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ४३ब(एच) या कलमाने, लहान उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च आम्हाला त्या वर्षी धरता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत अवघी १५ दिवसांची.

आमची साखळी कशी चालते ते ऐका. मी माल घेतो लहान कारखानदाराकडून आणि देतो कळवण, सुरगाणा, पेठच्या दुकानदारांना. ते शेतकऱ्याला उधार देतात आणि शेतकरी कांदा विकला की पैसे चुकते करतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, भाव कोसळले आणि कळवणच्या दुकानदाराने माझ्यापुढे वही उघडून ठेवली. एका पानावर सतरा नावे आणि एकाही नावापुढे जमा नाही. त्याच आर्थिक वर्षाच्या मार्चअखेर मला मात्र ४५ दिवसांच्या हिशेबाने पैसे देणे भाग होते, नाहीतर न झालेल्या नफ्यावर कर. मी मुदतठेव मोडून पैसे दिले. तेव्हा चेंबरने या कलमाचे स्वागत करणारे पत्रक काढले होते. ते पत्रक माझ्याही वर्गणीतून छापले गेले, याचा मला आजही संताप येतो.

लेथ ते व्हीएमसी :

शेठ, तुमची अडचण खरी असेल, पण ज्याने माल बनवून दिला त्याने कांद्याचा भाव वाढेपर्यंत थांबायचे का? तुमच्याकडे मोडायला मुदतठेव तरी होती.

मेनरोड :

मुदतठेव मुलीच्या शिक्षणासाठी होती. एकमेकांची शिल्लक मोजण्याची पातळी आपण येथे गाठू नये, ही विनंती.

बेदाणा निर्यात, पिंपळगाव :

थोडे वेगळे सांगतो. मला संघटनेचा उपयोग उत्पत्ती प्रमाणपत्रापुरता, म्हणजे माल कोणत्या देशातला हे सांगणाऱ्या कागदापुरता होतो. परदेशी बँकेने एलसीमध्ये (पैसे देण्याच्या हमीपत्रात) ते मागितले की चेंबरच्या प्रमाणपत्रावाचून कागद पुढे सरकत नाहीत. आता अर्ज ऑनलाइन झाला असला, तरी इनव्हॉइसवरच्या मालाच्या वर्णनात एक शब्द इकडचा तिकडे झाल्याचे तेथील कर्मचाऱ्याने वेळीच पाहिले आणि माझा कंटेनर अडकण्यापासून वाचला. बाकीच्या वादात मी पडत नाही.

अंबडची उद्योजिका :

माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. लेथवाल्या भाऊंना एक गोष्ट कोणीच सांगितलेली दिसत नाही. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर कायद्याच्या कलम २ प्रमाणे माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे धरले जाते. दोन महिन्यांनी आलेली डेबिट नोट म्हणूनच लंगडी ठरते. चलनाच्या पोच-प्रतीवर गेटचा शिक्का आणि तारीख आहे ना, एवढे पाहा. मला हे चेंबरच्याच एका शिबिरात कळले आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

मात्र सातपूरच्या काकांनी पुढचेही ऐकावे. मी कलम १६ चा उल्लेख करून पत्र पाठवले आणि तीन आठवड्यांत पैसे खात्यात आले. पुढच्या तिमाहीत माझी ऑर्डर निम्म्यावर आली. कोणीही कारण सांगितले नाही, कारण सांगण्याची गरजही नव्हती. कायदा सगळ्यांना माहीत आहे, पण पत्राखाली एकट्या पुरवठादाराचे नाव असते आणि त्या नावाची नोंद खरेदी विभागात होते. वीस सभासदांची थकबाकी एकत्र करून, कोणाचेही नाव न घेता, संघटनेच्या लेटरहेडवर पत्र गेले असते तर माझी ऑर्डर शाबूत राहिली असती. शिबीर घेणे सोपे आहे. हे पत्र काढणे अवघड आहे, कारण ते ज्याला जायचे तोच कार्यक्रमाचा प्रायोजक असतो. अवघड काम संघटनेने करायचे नाही, तर कोणी करायचे?

लेथ ते व्हीएमसी :

ताई, १५ दिवसांचे मला खरेच ठाऊक नव्हते. मी त्या शिबिराला गेलो नव्हतो, हेही मान्य करतो, कारण रात्रपाळीला मीच यंत्रावर असतो. काकांच्या मुद्द्यात तेवढे तथ्य आहे, त्याहून अधिक नाही.

आता माझी मागणी ऐका. सूक्ष्म-लघु पुरवठादारांचे पैसे ४५ दिवसांपेक्षा जास्त थकले असतील, तर कंपन्यांना दर सहामाहीला एमएसएमई-१ हे विवरणपत्र सरकारकडे भरावे लागते. कार्यकारिणीवर ज्या कंपनीचा माणूस बसणार, तिने निवडणुकीच्या अर्जासोबत त्याची प्रत जोडावी, आणि सभासदांचे पैसे थकले असतील तर अर्ज बाद करावा. हे होणार असेल तर मी उद्या वर्गणी भरतो.

सातपूरकर कारखानदार :

अर्ज सरळ बाद करण्याला माझा विरोध आहे. मोठ्या कंपन्या बाहेर गेल्या, तर रस्ते, पाणी आणि विजेच्या प्रश्नावर आपले वजन निम्मे होईल, हे अनुभवाने सांगतो. प्रत जोडण्याची अट मात्र मला आधी सुचायला हवी होती. वार्षिक सभेसाठी ठराव मी सूचक म्हणून लिहून देतो, अनुमोदन आपण द्या. अंबडच्या ताईंनी म्हटलेले सामूहिक पत्र यापूर्वी का निघाले नाही, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. मी स्वतः चार वर्षे कार्यकारिणीवर होतो.

मेनरोड :

ठरावात व्यापाऱ्यांचा मुद्दा दुसऱ्या परिच्छेदात नव्हे, पहिल्यात हवा : विलंबित देयकांचे संरक्षण व्यापाऱ्यांनाही मिळावे आणि शेतीवर चालणाऱ्या बाजारपेठांना ४३ब(एच) मध्ये हंगामानुसार मुदत असावी. शिवाय सभा सकाळी दहाच्या आत, गावात कोठेतरी घ्या. कळवणच्या त्या वहीच्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, ती मी सोबत आणीन.

लेथ ते व्हीएमसी :

हंगामानुसार मुदत हा भाग ठरावात आला, तर माझे अनुमोदन नाही. आत्ताच सांगून ठेवतो.