ली-एनफिल्ड नं. ४ : पुंगळ्या तिसऱ्या भरणीलाच चिरतायत

डॅलसकर
मंडळी, रायफल नं. ४ मार्क १, .३०३ ब्रिटिश. इथे टेक्सासमध्ये घरी काडतुसं भरायला कायद्याची आडकाठी नाही. पीपीयू कंपनीच्या नव्या पुंगळ्या (काडतुसाचं पितळी कवच), फुल-लेंथ डाय (उडवलेली पुंगळी पूर्ण लांबीला दाबून मूळ मापावर आणणारा साचा), दारू पुस्तकातल्या किमान मापाच्या आसपास. तरी तिसऱ्या भरणीला रिमच्या (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या) जरा वर गोल चीर पडते. एका पुंगळीचा पुढचा भाग चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) अडकून राहिला. दारू आणखी कमी करू का? आणि 'केएफ' शिक्क्याची जुनी काडतुसं स्वस्तात मिळतायत, घ्यावीत का?

पितळवाला
दारूला हात लावू नका, दोष तिचा नाही. .३०३ चेंबरमध्ये टेकते ती रिमवर. लष्करी चेंबर मुद्दाम ऐसपैस, चिखल-माती गेली तरी काडतूस बसावं म्हणून. बार उडाला की पुंगळीची पुढची पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटते आणि बूड मागे बोल्टपर्यंत (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यापर्यंत) सरकतं. ताण येतो तो बुडाच्या जाड भागाच्या लगेच वर. त्यात एनफिल्डचे लग (बोल्ट अडकवून धरणारे खुंट) मागच्या बाजूला, त्यामुळे दाबाखाली बोल्ट किंचित जास्तच दबतो. तुमची डाय दर वेळी खांदा (पुंगळी मानेकडे अरुंद होते तो उतार) मागे ढकलते आणि पुढच्या बाराला पितळ पुन्हा तेवढंच ताणलं जातं.

नवी पुंगळी पहिल्यांदा उडवताना रिमच्या पुढे पातळ रबरी ओ-रिंग घाला. बूड बोल्टला टेकून राहतं, खांदा पुढे फुगून चेंबरच्या मापाचा होतो. त्यानंतर फक्त नेक-साइझिंग (पुंगळीची मान तेवढी दाबणं), आणि त्या पुंगळ्या त्याच रायफलीसाठी वेगळ्या ठेवायच्या. काही भरण्यांनंतर बोल्ट जड बंद होऊ लागला तर फुल-लेंथ डाय थोडी थोडी खाली घ्या, बोल्ट सहज बसला की थांबा. पुंगळीची लांबी २.२२२ इंचांच्या वर गेली तर २.२१२ला कापा.

दर भरणीआधी तपासणी हवीच. पेपरक्लिपचं टोक काटकोनात वाकवून धारदार करा, आत बुडापर्यंत घाला आणि भिंतीला घासत वर ओढा. खाचेत अडकलं की पुंगळी भंगारात. बाहेरून चकचकीत कडं दिसलं तरी तेच. अडकलेला तुकडा काढायला .३०३चा तुटक्या पुंगळीचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो; स्क्रूड्रायव्हरने चेंबर खरवडू नका.

नळीपारखी
हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यामधली रिमची जागा) एकदा गेजने बघून घ्या : गो .०६४ इंच (यावर बोल्ट बंद व्हायला हवा), फील्ड .०७४ (यावर होऊ नये). नं. ४चे बोल्टहेड (बोल्टचं पुढचं सुटं टोक) ० ते ३ क्रमांकांचे येतात, पण बदल गनस्मिथकडूनच करून घ्या. गेज पास झालं तरी पुंगळ्या चिरू शकतात, कारण गेज रिमचं माप सांगतं, खांद्याचं नाही.

गोळी .३११ किंवा .३१२ची, .३०८ची चालणार नाही. नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा असतात; पाच खाचांच्या नळीत खाचेसमोर खाच येत नाही, त्यामुळे स्लग (नळीतून ठोकून काढलेला शिशाचा तुकडा) काढून साध्या कॅलिपरने मोजलं तर माप चुकतं. दोन्ही गोळ्या लक्ष्यावर झाडून कुठल्या जवळजवळ लागतात ते बघणं सोपं.

डॅलसकर
ओ-रिंगचं माहीत नव्हतं, आभार. केएफचं काय?

पितळवाला
केएफ म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना. शिक्का बघून मन ओढ घेतं, पण भरणीसाठी ती घेऊ नका. टोपी (बुडातली, दारू पेटवणारी) बर्डन पद्धतीची, आत मधोमध एकाऐवजी बाजूला दोन छिद्रं, साध्या डायची जुनी टोपी काढणारी पिन तिथे मोडते. टोपीतल्या मसाल्याचा क्षार नळीत राहतो, हवेतलं पाणी ओढतो आणि गंज चढतो. तेलाने तो जात नाही. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवा, कोरडी करा, मगच तेल. जुना साठा उशिरानेही उडतो. खटका ओढून बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा, बोल्ट उघडू नका. जुनाच माल हवा तर 'एचएक्सपी' शिक्क्याची ग्रीक काडतुसं शोधा. टोपी बॉक्सर (मधोमध एकच छिद्र), क्षाराचा त्रास नाही, पितळही भरणीजोगं.

सातारी
इकडे भारतात माझ्याकडे .३१५ची रायफल आहे, परवाना आहे. असंच घरी भरता येईल का?

नळीपारखी
नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५नुसार काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो, रायफल बाळगायचा परवाना त्याला पुरत नाही. परवानाधारक दुकानातूनच घ्या, आणि रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवा, पुढच्या खरेदीला हिशोब मागतात.