जाळ्यात अडकलेलं कासव किनाऱ्याला लागलंय, समुद्रात सोडू का?

सुरूबन:
आत्ता आंजर्ल्याच्या पुळणीवर आहे. रात्रभर वारा होता. सकाळी ओहोटीला निळ्या नायलॉनच्या जाळ्याचा गुंता दिसला, जवळ गेलो तर आत कासव. पाठ दोनेक फूट असेल. जिवंत आहे, मधूनमधून मान उचलून श्वास घेतंय. पुढच्या उजव्या पायात, म्हणजे वल्ह्यासारख्या परात, दोर रुतलाय. सोबतची पोरं म्हणतायत, जाळं कापून लोटून देऊ पाण्यात. लोटू का?

कासवमित्र_वेळास:
नका लोटू! आधी १९२६ ला फोन लावा, वनविभागाची हेल्पलाइन आहे. ठिकाणाची नेमकी खूण सांगा.

ही चूक मी स्वतः केलीय. कासवांचं काम सुरू केल्यावर पहिल्याच पावसाळ्यात असंच एक आलं होतं. चौघांनी उचलून कमरेएवढ्या पाण्यात सोडलं, टाळ्यासुद्धा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तेच कासव खाडीच्या तोंडाशी मेलेलं मिळालं. कवचाची कड एका जागी तुटलेली होती, त्यावरून ओळखलं. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. दमलेलं असलं की पाण्याबाहेर डोकं काढायची ताकद राहत नाही, समुद्राचं जनावर समुद्रातच बुडतं. अंडी घालायला आलेली मादी वेगळी, तिचं काम झालं की ती आपली आपण परत जाते, तिच्या वाटेला जायचं नाही. तुमचं कासव आजारी आहे.

आता सावली करा. ओलं सुती कापड पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. मानेभोवतीचं जाळं कापा, पण मांसात रुतलेला दोर ओढू नका. बाहेरचा भाग कापून तेवढा तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील. उताणं करू नका, खायला-प्यायला काही देऊ नका. आणि एकाने तिथून हलायचं नाही, कुत्री फार वाईट लचके तोडतात.

माड_आणि_मी:
आणि डॉल्फिन असेल तर?

कासवमित्र_वेळास:
फोन तोच. त्याचं नाक डोक्यावर असतं, त्या भोकात पाणी-वाळू जाऊ द्यायची नाही. बाकी अंग ओलं ठेवायचं. शेपटी धरून ओढायचं नाही, मणका दुखावतो. देवमाशाचं अजून कठीण. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू लागलं होतं. लोकांनी रात्रंदिवस पाणी मारलं, बोटीने खोल समुद्रात नेलं, तरी ते परत किनाऱ्याला आलं आणि मेलं. अजून आठवलं की गलबलतं.

दर्याचा_पोर:
आम्हा मच्छीमारांसाठी एक सांगतो. समुद्रात मासेमारी करताना संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळं कापून जिवंत सोडला, तर २०१८ पासून शासन २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. कापतानाचे फोटो, व्हिडिओ काढून ठेवा, अर्जाला लागतात.

सुरूबन:
फोन लागला. वनरक्षक पिकअप घेऊन आले, आता डॉक्टरांकडे नेतायत. पोरांनी तोवर छत्री धरून ठेवली होती. दोर रुतलेलाच ठेवलाय. उचलताना त्याने डावा पर माझ्या मनगटावर असा आपटला की हात अजून झिणझिणतोय. जोर आहे त्याच्यात.