शब्दचर्चा: रेल्वेचं 'समिट' म्हणजे शिखर का? आणि 'ग्रेड'चं काय करायचं?

मधुमालती:
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या जुन्या डोंगरी रेल्वेमार्गांवरचा लेख मराठीत आणतेय. संपादकांची अट एकच, कंसात इंग्रजी नको. निम्मा लेख सुरळीत झाला आणि कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत, सेंट्रल पॅसिफिक ह्या रेल्वे कंपनीच्या मार्गावर येऊन गाडी अडली. मी लिहिलं होतं, 'सेंट्रल पॅसिफिकची गाडी ७,०४२ फुटांवरच्या डॉनर शिखरावर पोचते.' शेजारचे काका वाचून म्हणाले, "शिखरावर कशाला? तिथं देऊळ आहे का?"

हसले, पण मुद्दा बरोबर आहे. नकाशात बघितलं तर डॉनर नावाचं खरं शिखर वेगळंच आहे आणि ते आणखी बरंच उंच आहे. गाडी जाते ती दोन उंचवट्यांमधून. मग ह्या समिटला काय म्हणू?

दुसरी अडचण त्याहून चिवट. 'ग्रेड' हा शब्द लेखात तीन अर्थांनी येतो. 'सव्वादोन टक्क्यांची ग्रेड' म्हणजे चढ. 'ग्रेड क्रॉसिंग' म्हणजे साधं फाटक, तिथं चढाचा संबंध नाही, उलट सपाटीचा आहे. आणि यूटामध्ये 'दोन कंपन्यांच्या ग्रेड अजून शेजारी शेजारी दिसतात' असं वाक्य आहे. तिथं मी 'दोन चढ' लिहून मोकळी झाले होते. सुचवा.

शुद्धलेखक:
समिट = उच्चतम बिंदू. ग्रेड = प्रवणता. प्रश्न मिटला.

आगाऊ_कार्टं:
'प्रवणता लागली तशी गाडी दमली.' दिवाळी अंक खपणार!

गार्डसाहेब:
कल्याण-पुणे लायनीवर आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. आम्ही 'प्रवणता' कधी म्हटलं नाही, 'चढ' म्हटलं. आणि चढ टक्क्यांत नाही, 'वन इन थर्टीसेव्हन'. म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर. टक्क्यांत काढला तर २.७. अमेरिकेत शंभराला किती ते सांगतात, आणि जुन्या काळी मैलाला किती फूट ते सांगायचे.

ताई, तुमच्या लेखात १८६२चा पॅसिफिक रेल्वे कायदा येत असेल, पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत रेल्वे बांधायचा. त्यात लिहिलं होतं की चढ आणि वळणं बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेवर आहेत त्यापेक्षा कडक नसावीत. तो चढ मैलाला ११६ फुटांचा, म्हणजे २.२ टक्के. गंमत बघा, पुढच्याच वर्षी, १८६३ला, आपला बोरघाट सुरू झाला, तो त्या कायद्यात बसला नसता.

समिटला आमच्यात शब्दच नव्हता. 'लोणावळ्याला चढ संपतो' एवढंच. शब्द कशाला लागतो?

मधुमालती:
काका, तुम्हाला नाही लागत, मला लागतो. 'डॉनर चढ-संपतो' असं कसं लिहू? :)

बागलाणकर:
आमच्याकडे सेलबारी, डोलबारी. डोंगराच्या धारेतून पलीकडे उतरायची जागा म्हणजे बारी. डॉनर बारी म्हणा. सुटसुटीत.

सॅक्रामेंटोकर:
बागलाणकर, बारी किंवा खिंड हे 'पास'ला ठीक आहे, समिटला नाही. मी इथंच राहतो, दर उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन त्या जागी जातो, त्यामुळं थोडं सविस्तर.

खिंड ही डोंगराची. समिट हे लायनीचं. रूळ जिथं सगळ्यात उंच आहेत, जिथून दोन्हीकडं उतार लागतो, ती जागा. डॉनरला ती जागा चक्क बोगद्यात आहे. सहा नंबरचा बोगदा, १,६५९ फूट लांब, सगळा ग्रॅनाइट. चिनी मजुरांनी तो दोन्ही तोंडांकडून आणि मधे विहिरीसारखा खड्डा उतरवून तिथून दोन्ही दिशांनी, असा चार ठिकाणी खोदला. सुरुंगाच्या दारूनं दिवसाला फूटभरसुद्धा जेमतेम सरकायचे, म्हणून मग नायट्रोग्लिसरीन तिथंच बनवून वापरलं. १८६७ला आरपार झाला. रूळ १९९३ला काढले, गाड्या आता जवळच्याच दुसऱ्या मोठ्या बोगद्यातून जातात. आत चालताना भिंतींवर छिन्नीचे आणि पहारीचे ओरखडे दिसतात. म्हणजे 'शिखर' म्हणताय ते डोंगराच्या पोटात आहे!

आणि शर्मन समिट घ्या, वायोमिंगमधलं. यूनियन पॅसिफिक ह्या दुसऱ्या रेल्वे कंपनीचा सगळ्यात उंच बिंदू, ८,२४७ फूट (जुन्या छापील मजकुरात ८,२४२ही सापडतं). म्हणजे डॉनरपेक्षा हजार-बाराशे फुटांनी उंच. पण तिथं उभं राहिलात तर डोंगर कुठाय म्हणून विचाराल. माळरान आहे, मधे मधे खडक, आणि वारा असा की टोपी डोक्यावर राहत नाही. एक दगडी पिरॅमिड बांधलाय म्हणून जागा कळते. रूळ तिथूनही केव्हाच दक्षिणेला सरकवले. तिथं कसली बारी आणि कसलं शिखर?

खडूस_शास्त्री:
'माथा'. संस्कृत मस्तक, प्राकृत मत्थअ, मराठी माथा. डोंगराला असतो, पानाला असतो, रस्त्याला का नसावा? 'घाटमाथा' तर तयारच आहे. शिखराला टोक लागतं, माथा पसरट असला तरी चालतो. शर्मनला अगदी चपखल.

गार्डसाहेब:
घाटमाथा म्हणजे एक जागा नव्हे हो शास्त्रीबुवा. 'घाटमाथ्यावर जोरदार पाऊस' म्हणतात तेव्हा इगतपुरीपासून महाबळेश्वरापर्यंतची अख्खी कड येते. ७,०४२ फुटांचा एक आकडा त्याला कसा चिकटवणार?

खडूस_शास्त्री:
म्हणून नुसता 'माथा' म्हटलं. शिवाय घाट हा मुळात डोंगर नाहीच. घट्ट म्हणजे नदीला उतरायची जागा. त्यावरून डोंगर उतरायची वाट. साहेबानं वाटेचं नाव उचलून अख्ख्या सह्याद्रीला चिकटवलं, आणि आता आपलीच मुलं 'पश्चिम घाट' म्हणतात.

फोंडेकर:
आमच्याकडे 'घाटावर गेला' म्हणजे बेळगावकडे गेला. कुळ्याहून कॅसलरॉकला चढणारी लायनही ३७ला १च आहे, बोरघाटाएवढीच. आणि घाटावरून आलेला तो 'घाटी'. वाईट अर्थानं नाही.

बागलाणकर:
वाईट अर्थानं नाही? मुंबईत कोण कुणाला कोणत्या सुरात घाटी म्हणतं ते ऐकलंय आम्ही.

मधुमालती:
घाटीवर दुसरा धागा काढा हो. 'माथा' आवडला. पण ग्रेड राहिली.

सॅक्रामेंटोकर:
ग्रेडकडे येतोच, पण त्याआधी 'पायथा'. कारण रेल्वेच्या इतिहासात एका शब्दाच्या अर्थावर सगळ्यात जास्त पैसे कुणी कमावले असतील तर ते पायथ्यावर.

सरकार कंपनीला मैलामागे कर्जरोखे द्यायचं. सपाटीवर मैलाला १६ हजार डॉलर, डोंगरात ४८ हजार, मधल्या पठारी भागात ३२ हजार. सपाटी संपून सिएराचा पायथा कुठं सुरू होतो ते राष्ट्राध्यक्षांनी ठरवायचं होतं. राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांनी सांगितलं की आर्केड क्रीकपाशी, सॅक्रामेंटोपासून ७ मैलांवर. तिथं माती बदलते, म्हणून. लिंकननी मान्य केलं. तो ओढा आता शहरातच आहे. मी त्याच्या काठानं सायकल चालवतो आणि गियर बदलावा लागत नाही! डोळ्यांना टेकडी दिसायला तिथून बरंच पुढं जावं लागतं. पायथा इतका अलीकडं ओढला तेव्हा तितक्या सपाट मैलांना डोंगराचा भाव मिळाला.

आगाऊ_कार्टं:
आमच्याकडे जमीन एनए करतात, त्यांनी डोंगरी केली.

खडूस_शास्त्री:
पायथा म्हणजे पाय + स्था. जिथं पाय ठरतो ते. व्हिटनींना मराठी येत असतं तर हा घोटाळा झाला नसता.

शुद्धलेखक:
'पाय + स्था' ही आपली घरगुती व्युत्पत्ती. कोशाचा आधार?

खडूस_शास्त्री:
कोश काय आभाळातून पडतात? कुणीतरी घरीच बसून लिहितं ना?

राधिका_म:
मी गणित शिकवते. दहावीच्या भूमितीत 'रेषेचा चढ' आहे आणि तो ऋणही असतो. तेव्हा ग्रेडला 'चढ' म्हणायला मुलांचीही हरकत नसेल. फक्त 'चढ' आणि 'चढण' एक नव्हेत. चढ हे माप, चढण ही चढायची जागा. 'चढ ४ टक्के' बरोबर, 'चढण ४ टक्के' कानाला खटकतं. उलट 'चढण ११ मैल' चालतं, 'चढ ११ मैल' नाही. कोलोरॅडोत मोफॅट बोगदा १९२८ला व्हायच्या आधी गाडी ४ टक्के चढानं ११,६६० फुटांवर कोरोना नावाच्या स्टेशनावर जायची आणि हिवाळ्यात बर्फात अडकायची. ती 'कोरोनाची चढण'.

आगाऊ_कार्टं:
कोरोनात अडकलेली गाडी! मग विलगीकरण कुठं?

गार्डसाहेब:
राधिकाताई, आम्ही दोन्ही सर्रास म्हणतो. गाडीला माप कळत नाही, इंजिनाला कळतं. आणि खरी भीती चढाची नाही, उताराची. नॉर्थ कॅरोलायनात सलूडाला ५ टक्क्यांच्या आसपास उतार होता, तिथं उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा कायम बाजूच्या चढत्या सायडिंगकडं लावलेला असायचा. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली तरच मेन लायन मिळायची. आपल्या घाटातली कॅच सायडिंग त्याच जातीची. ह्याला मराठीत काय म्हणणार, 'पकड-बाजूमार्ग'?

शुद्धलेखक:
का म्हणू नये?

गार्डसाहेब:
म्हणा की. तेवढ्यात गाडी दरीत जाईल.

मधुमालती:
हेल्पर इंजिन, म्हणजे चढावर गाडीला रेटायला लावतात ते जादा इंजिन, तोच आपला बँकर ना? 'बँकर' लिहिलं तर वाचकाला सावकार वाटेल.

गार्डसाहेब:
बँकरच. कर्जतला मागून लागतो. गार्डाच्या डब्यालाच टेकतो, हातातला चहा हमखास सांडतो. पैशाच्या बँकेशी संबंध नाही, इंग्रजी रेल्वेत चढाला 'बँक' म्हणतात, त्यावरून. आणि मातीच्या भरावालाही बँक म्हणतात. तेव्हा तुमची यूटाची ग्रेड म्हणजे आमची बँक असणार. भराव!

सॅक्रामेंटोकर:
अगदी. १८६९ला दोन्ही कंपन्या कुठं भेटायचं ते न ठरल्यामुळं एकमेकींना ओलांडून पुढं गेल्या. सेंट्रल पॅसिफिकवाले पूर्वेकडं, यूनियन पॅसिफिकवाले पश्चिमेकडं, शेजारी शेजारी भराव घालत आणि खोदत. दोनशे मैलांहून जास्त. शेवटी वॉशिंग्टनमध्ये ठरलं की प्रोमोंटरी समिटला भेटायचं, आणि १० मेला तिथं सोन्याचा खिळा मारला. जास्तीच्या ग्रेडवर रूळ कधी पडलेच नाहीत. आजही दिसतात, काही ठिकाणी ओरडलं तर ऐकू जाईल इतक्या जवळ. तेव्हा 'चढ' मुळीच नको. पण नुसता 'भराव'ही अपुरा, कारण त्यात खोदलेला भाग येत नाही.

राधिका_म:
'रुळांची बैठक'?

बागलाणकर:
आमच्याकडे बंद पडलेल्या रस्त्याला 'जुनी वाट' म्हणतात.

सॅक्रामेंटोकर:
पण ही जुनी नाही ना, हिच्यावरून कोणी कधी गेलंच नाही. न पडलेल्या रुळांची बैठक. आणि हो, प्रोमोंटरीलाही 'शिखर' लिहिलं असेल तर बदला. ४,९०० फुटांवरचं खोलगट मैदान आहे ते.

फोंडेकर:
घाटीबद्दल मी वर म्हटलं ते गोव्यापुरतं होतं, एवढं स्पष्ट करतो.

बागलाणकर:
गोव्यातही ऐकलंय.

मधुमालती:
उद्या मजकूर द्यायचाय. समिटला 'माथा', ग्रेडला एके ठिकाणी 'चढ', एके ठिकाणी 'फाटक', यूटाला 'बैठक', आणि बँकरला 'मागून रेटणारं इंजिन'. सगळ्यांचे आभार.

शुद्धलेखक:
'मजकूर' अरबी आहे.