उद्या ५:२० ला सगळे खालच्या हॉलमध्ये

मंगळवार, २२ ऑगस्ट २०२३

सेक्रेटरी (ए-१०१), सं. ७:४०
सर्व सभासदांना नमस्कार. उद्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरणार आहे. थेट प्रक्षेपण ५:२० ला सुरू होईल, असं इस्रोने आज कळवलंय. मुलांचा हट्ट आहे की घरोघरी न बघता सगळ्यांनी एकत्र बघायचं. खालचा हॉल उघडा ठेवतोय. प्रोजेक्टरची सोय कोण करू शकेल?

दादा (बी-३०२), ७:४४
आमच्या ऑफिसचा आहे. साहेबांना विचारलं, हो म्हणाले. पडदा मात्र नाही.

काकू (बी-१०४), ७:४६
पडद्याला माझी डबलबेडची पांढरी चादर घ्या. आत्ताच इस्त्री करून ठेवते, नाहीतर घड्यांच्या रेघा चित्रावर दिसतात. वरच्या कडेला नाडी ओवून देते, म्हणजे खिळ्याला नीट ताणून बांधता येईल.

वहिनी (ए-२०२), ७:५१
डिशच्या भरवशावर राहू नका. पावसाची सर आली की आमच्याकडे सिग्नल जातो. आणि लाईटचं काय? कालपासून तीनदा गेली.

दादा (बी-३०२), ७:५३
फायबरवर यूट्यूब लावू. ते पडलं तर माझा मोबाईल हॉटस्पॉटला तयार ठेवतो. लाईटचा प्रश्न खरा आहे, हॉलला इन्व्हर्टर नाही.

वहिनी (ए-२०२), ७:५५
आमचा इन्व्हर्टर बाल्कनीजवळच आहे. तिथून वायर खाली सोडता येईल. प्रोजेक्टर आणि राऊटर एवढंच त्यावर ठेवा. पंखे नकोत.

ताई (बी-२०१), ८:०२
माझी एक विनंती. उद्या हॉलमध्ये स्क्रीन एकच चालू ठेवायची. टीव्ही आणि यूट्यूब बरोबरीने चालत नाहीत, यूट्यूब काही सेकंद मागे असतं, कधी त्याहून जास्त. कोणी मोबाईलवर दुसरीकडे बघत असेल तर तो आधी ओरडेल आणि बाकीच्यांचा तो क्षण जाईल. म्हणून ५:४० नंतर सगळ्यांचे डेटा बंद. बातम्यांचे चॅनलसुद्धा नकोत. ते मध्येच चर्चा सुरू करतात आणि आकडे झाकले जातात. इस्रोचंच प्रक्षेपण लावूया.

आजी (ए-००२), ८:०५
नातू टाईप करतोय. आजी विचारते, यान उतरताना प्रत्यक्ष दिसणार काय? आणि म्हणते, "माका खुर्ची ठेवा हां, जमनीर बसूक जमणा नाय."

सर (बी-२०३), ८:२१
आजी, खुर्ची पहिल्या रांगेत ठेवतो.

यान उतरतानाचा थेट व्हिडिओ दिसणार नाही, हे सगळ्यांनी आजच मुलांना सांगून ठेवा. पडद्यावर संगणकाने काढलेलं यानाचं चित्र असेल, शेजारी एक आलेख आणि काही आकडे. मुलं चित्राकडे बघत बसतील, पण खरी गोष्ट आकड्यांत आहे. यानाकडून येणारी माहिती बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात पोहोचते आणि तीच आपल्याला दिसते. चंद्रावरून रेडिओ संदेश यायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतं, म्हणजे जवळजवळ घडतंय तेव्हाच आपण ते वाचत असू. तीन आकड्यांवर नजर ठेवायची: उंची, आडवा वेग आणि उभा वेग.

सुरुवातीला यान सुमारे ३० किमी उंचीवर असेल आणि आडवा वेग सेकंदाला १.६८ किमी, म्हणजे तासाला सहा हजार किमी. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा उपयोग नाही. वेग मारायचा तो इंजिनांच्या जोरावरच. पहिला टप्पा ६९० सेकंदांचा. आपल्या महाराष्ट्राची किनारपट्टी पुस्तकात ७२० किमी लिहिलेली असते. बोर्डीपासून तेरेखोलपर्यंतचं जवळजवळ तेवढं अंतर यान या साडेअकरा मिनिटांत ब्रेक मारत कापणार आणि शेवटी ७.४ किमी उंचीवर आडवा वेग सेकंदाला ३५८ मीटरवर आलेला असेल. आपल्या मुलांनी हा आकडा उतरताना बघावा, असं मला फार मनापासून वाटतं.

त्यानंतर १० सेकंद यान स्वतःला सावरून घेईल. मग १७५ सेकंदांचा बारीक ब्रेकिंगचा टप्पा, त्यात ते आडव्याचं उभं होत जातं. ८०० मीटरच्या आसपास आडवा वेग जवळजवळ शून्य. १५० मीटरवर ते जागच्या जागी तरंगतं, कॅमेऱ्याने खालची जमीन तपासतं आणि दगड किंवा खड्डा दिसला तर बाजूला सरकतं. हे सगळं यान आपलं आपण ठरवतं. एकदा आज्ञा दिली की बंगळुरूतले लोकही आपल्यासारखे बघतच असतात.

दादा (बी-३०२), ८:२६
सर, हे प्रिंट काढून हॉलमध्ये लावतो.

काका (ए-३०१), ८:३०
सर, २०१९ ला चांद्रयान-२ चं लँडर आदळलं तेव्हा आमची मुलं रात्री दोनपर्यंत जागली होती. ७ सप्टेंबरची ती रात्र. नंतर कोणी काही बोललंच नाही, मुलं रडत झोपली. आणि आता शनिवारी रशियाचं लुना-२५ आदळलं. धाकट्याला आणावं की नको, असं घरी चाललंय.

सर (बी-२०३), ८:४७
नक्की आणा. पण आज रात्री त्याला जेवताना सांगा की असं होऊ शकतं. आजवर फक्त सोव्हिएत रशिया, अमेरिका आणि चीन यांनाच चंद्रावर यान अलगद उतरवता आलंय. याच एप्रिलमध्ये एका जपानी कंपनीचं यान चंद्राच्या अगदी जवळ जाऊन आदळलं. खाली विवराची कड आली तेव्हा उंची एकदम बदलली. सॉफ्टवेअरला वाटलं उंची मोजणारं उपकरणच चुकतंय. यान सुमारे ५ किमी वर असताना आपण जमिनीला टेकलोय असं समजून हळूहळू उतरत राहिलं आणि इंधन संपलं. इतकी बारीक गोष्ट असते.

२०१९ ला २.१ किमी उंचीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं, असं इस्रोने तेव्हा सांगितलं होतं. मग काय बिघडलं, ते इस्रोचे अध्यक्ष सोमनाथ यांनी नंतर उघडपणे सांगितलं. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साठत गेल्या, त्या सुधारायला यानाला जितकं वेगाने वळावं लागलं तितकं ते वळू शकत नव्हतं. उतरायची जागाही ठरवून दिली होती ५०० मीटर बाय ५०० मीटर, आणि यान ती गाठायची धडपड करत राहिलं.

या वेळी जागा ४ किमी बाय २.४ किमी ठेवलीय. पाचाऐवजी चार इंजिनं. पाय मजबूत केलेत, सेकंदाला ३ मीटर वेगाने टेकलं तरी सोसतील. इंधन जास्त, सौर पॅनल जास्त. आणि वेग थेट मोजणारं लेझरचं नवीन उपकरण. सगळं नीट झालं तर काय, एवढाच विचार न करता काय काय बिघडू शकतं ते आधी मांडून हे यान बांधलंय. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. उद्या आकडे थांबले तरी आपण उठायचं नाही. नियंत्रण कक्षातून काय सांगतात ते शेवटपर्यंत ऐकायचं आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मी हॉलमध्ये थांबणार आहे.

काका (ए-३०१), ८:५०
आणतो मग. आज रात्रीच सांगतो त्याला.

काकू (बी-१०४), ८:५८
पेढे आधी आणून ठेवायचे का? ऐनवेळी दुकानात मिळणार नाहीत.

वहिनी (ए-२०२), ९:००
काकू, आधी नको. उतरल्यावर बघू.

सेक्रेटरी (ए-१०१), ९:०३
पेढ्यांचं मी बघतो, दुकानदाराला फोन करून बाजूला ठेवायला सांगतो.

काकू (बी-१०४), ९:०४
बरं. मग मी तवसाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस करते. माहेराहून दोन मोठी तवसं आलीयत. ते काही झालं तरी खायचंच. पण ५:४० च्या आत सगळ्यांनी खाऊन घ्या, नंतर ताटल्यांचा आवाज नको.

काका (ए-००४), ९:१५
मुलगा होडीवर आहे, मिरकरवाडा बंदरातून काल गेलाय. उद्या रेंजमध्ये असला तर त्याला फोनवर कळवायचं आहे. सर, उद्या सप्तमी, पाण्याला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी. म्हणजे चंद्र अर्धा असणार ना? यान उजेडात उतरणार की काळोखात?

सर (बी-२०३), ९:२२
अगदी नेमकं विचारलंत. उजेडात. तिथे नुकताच सूर्य उगवलेला असेल. म्हणूनच ही तारीख. चंद्राचा एक दिवस आपल्या १४ दिवसांचा आणि लँडर आणि त्यातून उतरणारी छोटी गाडी म्हणजे रोव्हर, दोन्ही सौरऊर्जेवर चालणारे, म्हणून पूर्ण दिवस हाताशी मिळावा असं गणित आहे. रात्री तिथे इतकी थंडी पडते की उपकरणं टिकतीलच असं नाही. उद्या काही शंका आली तर दोन तास आधी निर्णय घेऊन २७ तारखेवर ढकलण्याचीही तयारी आहे.

आणि ढग फाटले तर संध्याकाळी दक्षिणेला चंद्र बघा. उजवी अर्धी बाजू उजळलेली असेल. त्या उजेडाच्या अगदी खालच्या टोकाकडे, ६९ अंश दक्षिणेला, आपली जागा. दुर्बिणीतूनही यान दिसणार नाही, पण कुठे आहे ते बोटाने दाखवता येईल. तुमच्या मुलालाही सांगा, होडीवरून आकाश मोकळं मिळालं तर त्याला आपल्याआधी दिसेल.

काका (ए-००४), ९:२४
सांगतो. 🙏

ताई (बी-२०१), ९:३१
काल चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरने विक्रमचं स्वागत केलं, दोघांचा संपर्क जुळला. २०१९ चं ऑर्बिटर अजून चंद्राभोवती फिरतंय आणि या वेळच्या लँडरला मदत करतंय. मागची मोहीम वाया गेली असं कोणी म्हणालं की मी हेच सांगते.

बुधवार, २३ ऑगस्ट २०२३

सेक्रेटरी (ए-१०१), दु. १:३५
इस्रोचा संदेश आलाय. सगळी तयारी झाली. यान ठरलेल्या ठिकाणी ५:४४ च्या सुमारास येईल, मग उतरण्याची आज्ञा. आपल्याकडे फायबर चालू आहे, लाईट आहे.

दादा (बी-३०२), दु. ३:५०
प्रोजेक्टर लावून बघितला. काकूंच्या चादरीवर चित्र स्वच्छ येतंय. खिडक्यांना सतरंज्या लावल्यात, तरी दाराकडून उजेड येतो. जुनी ताडपत्री कोणाकडे असेल तर खाली आणा.

वहिनी (ए-२०२), ४:०५
आणते. वायरही सोडलीय, जिन्यात पायात येऊ नये म्हणून टेप लावलाय. लहान मुलांना तिथून पळू देऊ नका.

काका (ए-३०१), ४:२०
धाकटा सकाळपासून ३५८, ३५८ म्हणत फिरतोय. त्याला तो आकडा स्वतः मोठ्याने वाचायचा आहे.

सर (बी-२०३), ४:२४
वाचू दे की! त्याला माझ्या शेजारी बसवा. ५:५५ पासून मी वेळ सांगत जाईन, ५:५६ च्या आसपास तो आकडा येईल. ८०० मीटर आणि १५० मीटर हे दोन आकडे ए-२०२ च्या मुलीला देतो.

आणखी एक. टेकल्यावर लगेच रोव्हर बाहेर येणार नाही. धूळ बसू देतात, यान नीट उभं आहे का ते तपासतात, मग काही तासांनी रॅम्प उघडतो आणि २६ किलोचा प्रज्ञान सहा चाकांवर उतरतो. त्यासाठी मुलांना रात्री जागवू नका, सकाळी बातमीत कळेल.

ताई (बी-२०१), ५:०२
मी हॉलमध्ये आहे. प्रक्षेपणाचं पान उघडून ठेवलंय, आवाज तपासला.

काकू (बी-१०४), ५:०६
धोंडस घेऊन खाली येतेय. ए विंगच्या मुलांनी येताना वाट्या-चमचे आणा.

सेक्रेटरी (ए-१०१), ५:१४
हॉल उघडलाय. छत्र्या जिन्याखालच्या बादलीत, चपला बाहेर. पहिली रांग आजी आणि मुलांसाठी. ज्यांना घरूनच बघायचंय त्यांनी ६:१५ पर्यंत ग्रुपवर काही टाकू नका. उतरल्याची बातमी हॉलमधल्यांना पडद्यावरूनच कळू दे. मी आता ग्रुप बंद करतोय, फक्त ॲडमिनचे संदेश जातील.