जांभ्यातले डोळे
तुम्ही फोटो टाकलेल्या, राजापूरच्या सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) दगडात जाड भुवया आणि खोल डोळे दिसतात, म्हणून तो आदिमानवाने कोरलेला चेहरा, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. दगड जांभ्याचा, आणि कोकणातला हा तांबडा दगड मुळातच भोकाभोकांचा. पावसात आतली मऊ माती धुऊन गेली की डोळेच डोळे! राजापूरजवळच्या बारसूला कातळशिल्पांवर, म्हणजे सड्यात खोदलेल्या जुन्या चित्रांवर, तिरपं ऊन पडलं की खोदलेल्या रेषेची कड कशी उठून दिसते. तुमच्या फोटोत तशी कड कुठेच नाही.

तरी दगड टाकू नका. दक्षिण आफ्रिकेत माकापान्सगाटच्या गुहेत १९२५ साली चेहऱ्यासारखा तांबूस गोटा मिळाला. त्यावरची झीज नैसर्गिकच, पण तसला दगड त्या गुहेतला नव्हे. चेहरा दिसला म्हणून ऑस्ट्रेलोपिथेकस या लाखो वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्याने तो लांबून उचलून आणला असावा, असं काही संशोधक मानतात. तुमचा दगडही कुणी उचलून आणला असेल का, याचा अंदाज यायला त्याच्याशेजारी काय काय पडलं होतं, तेवढं नक्की लिहा.